आखाजीचं आमंत्रण

४ ऑगस्ट १९९६

पोचले एकदाची. नगरहून मनमाड, मनमाडहून जळगाव आणि तिथून सुरतेची गाडी. डब्यात सगळी खानदेशातली माणसं, बोचकी, पत्र्याच्या पेट्या. मी एकटी रडत होते, बाकी सगळे भाकरीची फडकी सोडून जेवत होते. एका म्हातारीनं मलाही ठेचा दिला. तो खाऊन आणखी पाणी आलं डोळ्यांतून, पण निदान कारण तरी मिळालं.

ही वही पप्पांनी दिली. म्हणाले, सेवेचं वर्ष आहे, मनात येईल ते लिहीत जा. पप्पा पाळक आहेत, त्यांच्या मनात चांगलं चांगलंच येतं. माझ्या मनात आत्ता एवढंच आहे की वरणात गूळ होता आणि खोलीत पंखा नाही.

बायबल शाळा संपली की वर्षभर कुठंतरी उमेदवारी केल्याशिवाय प्रमाणपत्र देत नाहीत. बरोबरच्या मुली मिरजेला नि पुण्याला गेल्या. माझ्या वाट्याला सुरत, कारण म्हणे इथल्या मिशनच्या दवाखान्यात पेशंट मराठी आणि बाकी सगळे गुजराती. गाडी सुटताना आई म्हणाली, "परमुलखात तोंड सांभाळ गं सुवार्ता." तिला माझी नाही, माझ्या तोंडाची काळजी आहे.

९ ऑगस्ट

दवाखाना पर्वत पाटियाच्या पुढं, कापडाच्या गोदामांमागं. टीबीचे पेशंट. बहुतेक लूमवर काम करणारे नि त्यांच्या बायका. दुभाषी म्हणून आले खरी, पण ही माणसं मराठी बोलतच नाहीत, अहिराणी बोलतात. 'माले', 'तुले', 'काय शे'. पहिले दोन दिवस मी नुसती मान हलवली.

दवाखाना चालवतात मार्थाबेन. उंच, खडखडीत, केसांना तेल न लावणाऱ्या. मी जन्मायच्या आधीपासून इथं आहेत. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो आणि तोसुद्धा त्यांना घाबरतो. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "गोळी आपवानी नथी बेटा, गळाववानी छे." गोळी द्यायची नाही, गिळवायची. पेशंटनं समोर उभं राहून गिळायची, तोंड उघडून दाखवायचं, मग जायचं. मोठमोठे मिशावाले गडी त्यांच्यापुढं आ करून उभे राहतात.

आणखी एक सांगितलं. त्यातली एक गोळी पोटात गेली की लघवी लाल होते. पेशंट रक्त समजून घाबरतात, म्हणून आधी सांगायचं आणि नंतर विचारायचंही. लाल होत नसेल तर गोळी पोटात जात नाही असं समजायचं. मी मान खाली घालून बरं म्हटलं. हे असलं मी कुठल्या तोंडानं विचारू? मार्थाबेन विचारतील की.

३ सप्टेंबर

आज एक नवीन बाई आली, सुंदरा. नवऱ्याचं नाव राघो, तो लूमवर रातपाळीला असतो. अमळनेरकडच्या. ही घरी बसून साड्यांचे धागे कापते. खोकला पावसाळ्याच्या आधीपासूनचा. थुंकी तपासली, टीबी निघाला. ऐकून रडली नाही की काही नाही. "कितला दिन खावाना?" एवढंच विचारलं. आखाजीपर्यंत तरी खाव्या लागतील म्हटल्यावर मात्र चेहरा उजळला. मे महिन्यात तिच्या एकुलत्या मुलीचं, वर्षाचं लग्न झालं. लग्नानंतरची पहिली आखाजी माहेरी करायची असते, लेक झोक्यावर बसायला येते. तोवर मी बरी होईन ना, असं तीनतीनदा विचारलं. मी छातीठोकपणे होईन म्हटलं. म्हणायला काय जातंय?

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया. हे लोक दिवाळीपेक्षा तिला मोठं मानतात.

२७ सप्टेंबर

सुंदराताई चार दिवस आल्या नाहीत म्हणून मार्थाबेननी मला घरी धाडलं. लिंबायतेत पत्र्याच्या खोल्यांची ओळ. सगळी गल्ली लूमच्या आवाजानं थरथरते. माणसं ओरडून बोलतात नि त्यांना ते कळतही नाही.

राघोभाऊ नुकतेच पाळी संपवून आले होते. डोक्यावर धाग्यांचा भुसा, डोळे तांबडे. सुंदराताईंनी त्यांना गरम भाकरी वाढली नि स्वतः उंबऱ्यापाशी धागे कापत बसल्या. तुम्हीही खा की, म्हटलं. हसल्या. नवरा उठल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, असं आहे त्यांचं. आमच्या आजीच्या वेळी होतं तसं. मी एक लहानसं भाषण दिलं त्यावर. दोघांनी शांतपणे ऐकून घेतलं.

दवाखान्यात का येत नाही, तर ओळीतल्या बायका बघतात. टीबीची बाई म्हटलं की पाणी बंद, आणि खात्यात कळलं तर मुकादम राघोभाऊंनाही काढून टाकेल. खातं म्हणजे लूमचा कारखाना. गोळ्या घरीच देऊ म्हणून मी मार्थाबेनना गळ घातली. कुरकुर करत त्या तयार झाल्या, पण एका अटीवर: मी रोज घरी जायचं आणि गिळताना बघायचं. माझा पहिला विजय.

१४ ऑक्टोबर

रोज सकाळी लिंबायत. सुंदराताईंचा खोकला पुष्कळ कमी झालाय, चेहऱ्यावर तेज आलंय. मी फार खूश. पण शेजारच्या इंदुबाईंनी नवीनच काढलं आहे. "ही क्रूसवाली रोज कसाले येस? सुंदरा बाटनी का?" ओळभर झालं. आज सुंदराताईंनी माझा हात धरला. "सिस्टर, माले आते बरं वाटस. तू रोज नको येऊ. आठवड्यान्या गोळ्या एकदाच दी जाय, मी खाई लेसू."

मी काय म्हणणार? खरंच आहे, माझ्यापायी तिला त्रास. हो म्हटलं. आठवड्याच्या पुड्या बांधून देणार, दर सोमवारी. मार्थाबेनना सांगितलं नाही. त्यांचे नियम त्यांच्या जागी ठीक आहेत, पण माणसावर विश्वास टाकायला नको का? सेवा म्हणजे पोलिसगिरी नव्हे.

१२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. निम्मी गल्ली गावी गेलेली, लूम बंद, इतकी शांतता की कान दुखले. त्या शांततेत राघोभाऊंचा खोकला पहिल्यांदा ऐकला. पार खालून, बरगड्या हलवत येणारा. तपासून घ्या म्हटलं तर चिडले. "माले काय व्हयेल नही. भुसा जास छातीमा." आणि उठून बाहेर गेले.

जायच्या आधी मी नेहमीसारखी प्रार्थना करायला डोळे मिटले, तर सुंदराताई म्हणाल्या, "मनं ऱ्हाऊ दे. त्यास्नाकरता कर." मला भरून आलं. आजवर त्या माझी प्रार्थना म्हणजे पावसाची सर असल्यासारखी थांबेपर्यंत सोसायच्या. आज पहिल्यांदा काही मागितलं. मी राघोभाऊंसाठी मनापासून प्रार्थना केली. डोळे उघडले तर त्या पुडीकडे बघत होत्या.

८ डिसेंबर

नाताळाच्या गाण्यांची तालीम माझ्या गळ्यात. गुजराती मंडळी मराठी गाणं म्हणतात ते ऐकून देवदूत परत जातील. लिंबायतेला जाऊन पुडी देऊन पळत यायचं, एवढाच वेळ.

सुंदराताई जरा उतरल्यात. खाणंच नाही तर काय होणार. गोळ्या खाता ना? "खास ना माय." रिकाम्या पुड्यासुद्धा दाखवल्या, नीट घडी करून ठेवलेल्या. एकही गोळी उरलेली नाही. इतकी नियमित बाई मार्थाबेनच्या पेशंटांतही नसेल.

निघताना मला कोपऱ्यात घेऊन कुजबुजल्या, राघोभाऊंना उन्हाळी लागलीय, काय द्यावं. मला हसू आलं, थंडीत उन्हाळी. खात्यातल्या उकाड्यानं होत असेल. धने-जिऱ्याचं पाणी द्या म्हटलं, आमच्या आजीचा उपाय. मी अगदीच काही टाकाऊ नाही.

२६ डिसेंबर

काल नाताळ. आईच्या हातच्या करंज्यांची आठवण येऊन उपासनेत रडले. कुणी बघितलं नाही, मेणबत्त्या होत्या.

आज सुंदराताईंकडे केक घेऊन गेले. त्यांनी तुकडा कपाळाला लावला आणि डब्यात ठेवला, नवऱ्यासाठी. माझ्यासमोर खा म्हणून हट्ट केला तेव्हा कोपऱ्याएवढा तोंडात टाकला. खोकला पुन्हा सुरू झालाय त्यांचा. थंडीचा असेल, इथंही आता सकाळी बोचतं.

मग म्हणाल्या, "तू मना घर तुना सण लई उनी. आखाजीले मनाकडे जेवाले ये. वर्षा येई, सांजोऱ्या करसूत." मी विचारलं, आखाजीला काय काय करता? तर मेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर भरतात, आणि त्यांच्या जागी एखाद्याला पाटावर बसवून जेवू घालतात. म्हटलं, "आमच्यात हे चालत नाही. मेलेल्यांच्या नावाचं जेवण आम्ही खात नाही." जरा तोडूनच बोलले. त्या ओशाळल्या. "बरं, नुसती सांजोरी खाय." तेव्हाच हो म्हटलं असतं तर काय बिघडत होतं, असं आता वाटतंय. पण पप्पांनी लहानपणापासून सांगितलेलं असं एका केकात थोडंच सुटतं?

१९ जानेवारी १९९७

राघोभाऊंचा खोकला गेला. साफ गेला. मी रात्रंदिवस ज्यासाठी मागत होते ते झालं. अंगावर मांस धरलंय, गालफडं भरलीत, आज तर माझ्याशी चक्क थट्टा केली, "सिस्टर, तुना देव मराठी शे का गुजराती?" ना तपासणी, ना औषध, ना डॉक्टर. नुसती प्रार्थना.

खरं सांगायचं तर मला इतके दिवस वाटायचं, मी डोळे मिटून नुसती बडबडते. पप्पांना ऐकू येतं तसं मला काही ऐकू येत नाही. आज पहिल्यांदा वाटलं की पलीकडे कुणीतरी आहे.

सुंदराताईंना सांगितलं, बघा, देवानं ऐकलं. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, हसल्या. म्हणाल्या, हां माय, ऐकलं. त्यांची तब्येत मात्र काही धरत नाही. त्यांचा विश्वास कमी पडतोय का? त्या स्वतःसाठी कधी मागतच नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

मिशनच्या कमिटीचे लोक बडोद्याहून आले होते. इथल्या मकवान पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी राघोभाऊंची गोष्ट सांगितली. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. कमिटीचे एक साहेब म्हणाले, हे आपल्या मासिकात छापू, आणि या मुलीला पुढं शिकायला पाठवायला हवं. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलले आणि लोक गप्प बसले.

मार्थाबेन शेवटच्या बाकावर होत्या. गाण्याला उठल्या नाहीत. बाहेर चपला घालताना मला म्हणाल्या, "एनी बायडी केम छे?" त्याची बायको कशी आहे. म्हटलं, ठीक आहे, जरा अशक्त आहे. "वजन?" मी म्हटलं, बघते. बाईंना कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही.

२४ फेब्रुवारी

सकाळी राघोभाऊ सुंदराताईंना रिक्षात घालून आले. तोंडातून रक्त. वजनाच्या काट्यावर उभं राहता येईना, मी धरून उभं केलं. हाताला नुसती हाडं लागली. लुगड्याच्या निऱ्यांत किती लपवलं होतं बाईनं.

मार्थाबेननी तिला बसवलं, पाणी दिलं. मग मला विचारलं, गोळ्या? मी म्हटलं, एकही चुकली नाही. मग त्यांनी सुंदराताईंना त्यांच्या मोडक्या अहिराणीत विचारलं, लघवी लाल होते का? सुंदराताईंना कळेचना. "लाल? कसाले लाल व्हई?"

राघोभाऊ दारात उभे होते. खाली बघत, लाजत म्हणाले, "बेन, लाल माले व्हस. दिवाळीपासून. ही माले ताकदीन्या गोळ्या देस ना, मिशनन्या, लूमवाला माणसांकरता. त्यामुळे शे का?"

बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. राघोभाऊ एकदा मार्थाबेनकडे, एकदा बायकोकडे बघत राहिले. सुंदराताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं, मी रागावले का ते बघायला.

२५ फेब्रुवारी

सरकारी इस्पितळात ठेवलंय. आज बोलल्या, थांबत थांबत. पहिले दोन महिने त्यांनी गोळ्या खाल्ल्या, बरं वाटायला लागलं. तेवढ्यात राघोभाऊ खोकू लागले. ते तपासायला तयार नाहीत. मग हिनं ठरवलं, मला तर बरं वाटतंय, आता यांना देऊ.

मी ओरडले. इस्पितळात, सगळ्यांसमोर. "मला सांगायचं ना, त्यांनाही वेगळ्या दिल्या असत्या, फुकट असतात त्या."

"त्या तपासाले येतंस नही. आनि खातामा कयनं ते काम जास." जरा दम घेतला. "त्यास्ना खोकला मुकादम आयकस. मी घरमा खोकलू ते कोन आयकस?"

कोण ऐकणार होतं? मी ऐकायला हवं होतं. दर सोमवारी तिथं बसून मी तिचा खोकला ऐकत होते आणि नवऱ्यासाठी प्रार्थना करत होते. त्या उन्हाळीवर, लाल लघवीवर, तर मी धन्याचं पाणी सांगितलं. हसूसुद्धा आलं होतं मला. कुठं जाऊन तोंड लपवू?

२ मार्च

मार्थाबेन अजून मला रागाचा एक शब्द बोललेल्या नाहीत. आठवड्याच्या पुड्यांचं मी स्वतः सांगितलं. ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. राघोभाऊंच्या छातीचा फोटो काढला, आत जुना डाग आहे, वाळत चाललेला. म्हणजे होता त्यांनाही. त्यांच्यासाठी नवीन कोर्स काढला. म्हणाल्या, हा दवाखान्यात येईल, आणि त्याला तू गिळवशील. रोज. शिक्षा म्हणून म्हणाल्या की सवयीनं, मला कळलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० मार्च, पुनरुत्थानाचा रविवार

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. म्हटलं, माझी साक्ष खोटी ठरली, मासिकात छापू नका. ते म्हणाले, अंक पोस्टात गेले. मग समजुतीच्या स्वरात म्हणाले, "माणूस बरा झाला की नाही? गोळीसुद्धा देवाच्याच हातची ना? लोकांचा विश्वास कशाला हलवायचा?"

मी घरी येऊन विचार करत बसले. माझी प्रार्थना ऐकली म्हणायचं, तर सुंदराला मारून ऐकली म्हणायचं. ऐकली नाही म्हणायचं, तर मी इतके महिने भिंतीशी बोलत होते. दोन्हींतलं कुठलंही पप्पांना लिहिता येत नाही. त्यांचं पत्र आलंय, मासिक वाचून. साऱ्या नगरच्या मंडळीत वाचून दाखवलं म्हणे. आईनं पेढे वाटले.

४ एप्रिल

सुंदराताईंना नवीन इंजेक्शनं चालू आहेत, अंगी लागत नाहीत. डॉक्टर म्हणतो, अर्धवट औषधानं आजार निबर झाला. आज शुद्धीवर होत्या. विचारलं, आखाजीला किती दिवस राहिले. मी म्हटलं, आलीच. "वर्षाले सांगू नको मी आठे दवाखानामा शे. ती सासरी रडी." आणि मग, "त्या खातंस ना गोळ्या?" म्हटलं, खातात, माझ्यासमोर. "मंग बरं."

प्रार्थना करू का, विचारायचं होतं. पाय चेपत बसले. तळवे कोरडे, भेगाळलेले, बर्फासारखे गार.

११ एप्रिल

सुंदराताई गेल्या. पहाटे. मी पोचले तेव्हा पलंगावर दुसरी बाई होती.

२२ एप्रिल

राघोभाऊ रोज येतात, रातपाळीवरून सरळ. बाकावर बसतात. मी पाण्याचा पेला नि गोळ्या देते. ते तळहातावर गोळ्या घेऊन बघत बसतात. मी म्हणते, "गिळा राघोभाऊ." ते म्हणतात, "हां." तरी बघत राहतात. मागं रांग खोळंबते. मार्थाबेन आतून बघतात, पण मला घाई कर म्हणत नाहीत.

आज म्हणाले, "मी रोज पहिले जेवी लेयू. ती माले वाढे. मी कधी विचारं नही तू काय खास म्हणून." एवढं बोलून गिळल्या. आ करून दाखवला. मला बघवलं नाही, तरी बघितलं. गोळी गेली होती.

आखाजीचा दिवस

काल राघोभाऊ म्हणाले, उद्या घरी ये. मी म्हटलं, दवाखाना आहे. मार्थाबेननी आतून आवाज दिला, "जा बेटा." म्हणून गेले.

गल्ली सगळी रिकामी. लूम बंद, माणसं गावी. राघोभाऊ गेले नाहीत, वर्षाच आली होती, नवऱ्याबरोबर. आईचंच नाक. डोळे सुजलेले. तिला इस्पितळाचं कळवलंच नव्हतं, आईनं सांगितलं होतं म्हणून. त्याचा राग तिनं माझ्यावर काढला नाही, काढायला हवा होता. पत्र्याच्या आढ्याला एक दोर बांधला होता, झोक्यासाठी. तिच्या नवऱ्यानं बांधलेला. त्यावर कुणी बसलं नव्हतं.

कोपऱ्यात मातीची घागर भरून ठेवलेली. तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज आणि दोन आंबे. हळदकुंकू वाहिलेलं. मी ते बघितलं आणि मला एकदम डिसेंबरातला तो दिवस आठवला, केकचा. पाट मांडला होता, ताट वाढलेलं होतं. पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या. पाटावर कुणी नव्हतं.

इंदुबाई तिथंच होत्या, सुंदराताईंच्या जागी जेवायला बसवायची सवाष्ण म्हणून आल्या असणार. राघोभाऊंनी मला पाट दाखवला. इंदुबाई म्हणाल्या, "राघो, ही कुवारी शे. आनि तसली शे. सुंदराना पाटवर ही कशी बसी?"

"सुंदरानी बलायेल शे तिले," राघोभाऊ म्हणाले. "नाताळना दुसरा दिन. मी घरमाच व्हतू, झोपेल नव्हतू."

म्हणजे मी काय उत्तर दिलं होतं तेही त्यांनी ऐकलं होतं. 'आमच्यात चालत नाही.' त्यांनी माझ्या हातावर पाणी घातलं आणि थांबले.

मी दारातून परत फिरू शकत होते. पप्पांचा चेहरा डोळ्यांसमोर आला. नगरची मंडळी, तो छापलेला मजकूर, सगळंच आलं. इंदुबाई मी नाही म्हणेन म्हणून वाट बघत होत्या, मला कळत होतं. मग मी चपला काढल्या नि पाटावर बसले.

वर्षानं ताटात तूप वाढलं. मी म्हटलं, तुम्हीही बसा. कुणी बसलं नाही. राघोभाऊंना म्हटलं, सकाळपासून उपाशी आहात, तुम्ही आधी घ्या. त्यांनी मान हलवली.

मी सांजोरी मोडली. घास तोंडात घातला तर तो खाली जाईना. चावत राहिले. राघोभाऊ समोर हात बांधून उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते, जसं मी रोज सकाळी त्यांच्याकडे बघते तसंच.

"खाय सिस्टर," ते म्हणाले. "मी देखस."

मी गिळला. त्यांनी तो खाली उतरलेला बघितला. मग वर्षाला म्हणाले, आता मला वाढ, आणि माझ्या शेजारी जमिनीवर जेवायला बसले.